‘हां’ म्हणजे ‘हो’ नव्हे

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुळगावच्या बाजारात कुणीतरी हटकतंच, “त्या तुम्हीच ना, माणसाच्या पाठीत वायर घालायच्या?” पूर्वी मी थांबून समजावायची, की वायर सर घालायचे, मी नुसती पेशंटच्या डोक्याशी बसायची. पण लोकांना सर आठवत नाहीत, मी आठवते. शेवटी म्हटलं, असू दे. एवढा मान आयता चालून येतोय, तर आपण कशाला नाकारायचा? आता मी नुसती मान हलवते आणि भाजी निवडायला लागते.

अंबरनाथच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. ऐंशीच्या दशकात लागले, ती तिथूनच निवृत्त झाले. पहिली काही वर्षं अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन आणि कारखान्यांतून येणारी चेमटलेली बोटं, हेच आमचं जग. नव्वदीच्या मध्यावर मुंबईचे एक न्यूरोसर्जन दर गुरुवारी आमच्याकडे यायला लागले. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. उंच, गोरे, बोलणं इंग्रजी वळणाचं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण हात असा हलका, की टाका घातलेला कातडीलाही कळू नये. मुंबईतसुद्धा ज्या गोष्टीचं तेव्हा अप्रूप होतं, ती त्यांनी आमच्या अंबरनाथला करून दाखवली. पाठीच्या कण्यात लीड, म्हणजे एक बारीक वायर, बसवून जुनाट दुखणं दाबून टाकायची ती शस्त्रक्रिया.

हे काय प्रकरण आहे ते साध्या भाषेत सांगते. काही दुखणी अशी असतात, की मूळ जखम भरली तरी दुखणं जात नाही. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतं, एक्स-रे चांगला असतो, डॉक्टर म्हणतात ‘तुम्ही बरे आहात’, आणि माणसाचा पाय मात्र रात्रंदिवस जळत असतो. नस खोटा निरोप पाठवत राहते. ती दुरुस्त करता येत नाही, पण तिचा निरोप वाटेत झाकता येतो. शेजारी भांडण जुंपलं की आपण रेडिओ मोठा करतो ना, तसं. भांडण थांबत नाही, पण आपल्याला निदान जेवता येतं. विजेच्या अगदी बारीक लहरी कण्याला देत राहिलं, की आगीच्या जागी पेशंटला हलक्या मुंग्या जाणवतात.

पेशंटला टेबलावर पोटावर झोपवायचं, पोटाखाली उशी. पाठीची जागा इंजेक्शननं बधिर करायची, पण पूर्ण भूल द्यायची नाही. मग टोकाशी वाकलेली एक जाड सुई कमरेच्या वरच्या बाजूनं तिरपी आत सरकवायची. तिला काचेची सिरिंज लावलेली असते. सर तिचा दट्ट्या अंगठ्यानं हलकेच दाबत पुढे जायचे. दट्ट्या अडतो, अडतो आणि एका क्षणी अचानक सैल पडतो. म्हणजे सुई कण्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत पोहोचली. आणखी पुढे गेली तर आवरणाला भोक. त्या क्षणाला थिएटरात कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा आमचा नियम होता.

मग त्या सुईतून लीड आत जायची. शेवयाएवढी बारीक, मऊ वायर, टोकाला धातूच्या चार कड्या. सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर ती मणक्यामागून इंच इंच वर चढताना दिसायची. पायाच्या दुखण्यासाठी ती बरगड्या संपतात त्या उंचीला न्यावी लागते. तिथे नेली, की वायरचं दुसरं टोक विजेच्या लहरी सोडणाऱ्या एका डबीला जोडायचं, करंट हळूहळू वाढवायचा आणि पेशंटला विचारायचं, कुठे जाणवतंय?

सगळी मेख इथे आहे. पडद्यावर वायर दिसते, मुंग्या दिसत नाहीत. लीड दोन मिलिमीटर बाजूला गेली तर मुंग्या भलत्याच पायात, नाहीतर बरगडीत. बरोबर जागा सांगू शकतो तो एकच माणूस, आणि तो टेबलावर पालथा पडलेला असतो. त्यानं ‘बरोबर’ म्हटलं, की सर लीड आतल्या चिवट पडद्याला टाक्यानं बांधून टाकायचे. वायरचं टोक पाठीच्या बाजूनं बाहेर काढून डबीला जोडायचं आणि आठवडाभर बघायचं. दुखणं निम्म्यानं तरी उतरलं, तर पोटाच्या कातडीखाली, बाहेरच्या डबीच्या लहरी झेलणारा कायमचा रिसीव्हर. नाही उतरलं, तर लीड काढून टाकायची आणि घरी पाठवायचं.

आता मी डोक्याशी कशी गेले ते सांगते. अगदी सुरुवातीच्या पेशंटांत अंबरनाथच्या कारखान्यातले एक निवृत्त अधिकारी होते. कडक इस्त्रीचा माणूस. सरांनी करंट वाढवला आणि आपल्या मराठीत विचारलं, “टिंगलिंग होते का?”

पालथ्या पडलेल्या साहेबांनी मान वर केली. “टिंगल? माझी? मी इथे उघडा पडलोय आणि तुम्हाला टिंगल सुचते?”

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम मास्कच्या आत हसून लाल झाल्या. मी पुढे होऊन म्हटलं, “टिंगल नाही हो साहेब, मुंग्या. मुंग्या येताहेत का पायाला?” तेव्हा कुठे ते निवळले. त्या दिवसापासून सरांनी फर्मान काढलं, की ही सिस्टर पेशंटच्या डोक्याशी बसेल, मी हिला विचारीन, ही पेशंटला विचारील. तेव्हापासून मी दुभाषी.

हे काम मला फार आवडलं. मी कुळगावची, आजूबाजूच्या पाड्यांवरची बोली मला येते. सी-आर्म चालवणारा परसू उल्हासनगरचा सिंधी, त्याच्या संगतीनं हिंदी-सिंधीही कानावरून गेलेली. तिथल्याच कॅम्प दोनचे एक कटपीसवाले शेठ आले होते, त्यांनी तर टेबलावर घासाघीस केली. “सिस्टर, साईंको बोलो थोडा और नीचे. नहीं नहीं, इतना नहीं. आधा इंच वापस लो. हां, अब थोडा अंदर की साइड.” परसू मशीनमागून पुटपुटला, “दुकान समझा है क्या, थान खुलवा रहा है.” पण खरं सांगायचं तर असला पेशंट सोन्यासारखा. त्यांची लीड अशी अचूक बसली, की पुढे कितीतरी दिवाळ्यांना त्यांच्याकडून मिठाई येत राहिली. मला वाटायला लागलं, डोक्याशी बसायची कला आपल्याला साधली. अशा वेळीच माणूस तोंडावर आपटतो.

दामूभाऊ बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक. भाताची चार खाचरं आणि बाकी वर्षभर मजुरी. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन उतरताना घसरले, मणक्याला मार बसला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि डावा पाय कुल्ल्यापासून तळव्यापर्यंत पेटला तो पेटलाच. दोन वर्षं. चादरीचं टोक तळव्याला लागलं तरी कळवळायचे. बरोबर त्यांची बायको बारकूबाई. ती रात्ररात्र त्यांच्या पायाशी बसून पंख्यानं वारा घालायची, म्हणून तिचेही डोळे खोल गेलेले.

त्यांच्यासाठी सरांनी कुठे कुठे शब्द टाकून लीड, डबी, रिसीव्हर असा एक संच फुकटात मिळवला होता. एकच. चाचणी फसली तर तो संच यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता आणि दामूभाऊंना पुन्हा कधी मिळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

गुरुवारी लीड घातली. पडद्यावर ती मधल्या रेषेच्या जराशी उजवीकडे दिसत होती. सर म्हणाले, “विचारा, डाव्या पायात येतंय का?”

मी वाकून विचारलं, “दामूभाऊ, डाव्या पायात मुंग्या येताहेत का?”

“हां.”

“तळव्यापर्यंत?”

“हां.”

“बरं वाटतंय?”

“हां.”

“हो म्हणताहेत, सर,” मी म्हटलं. सरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं, खांदे उडवले, म्हणाले, “पेशंट इज राइट,” आणि टाका घातला. मी खूष. एका फटक्यात काम झालं म्हणून मी परसूला डोळ्यानं खूणसुद्धा केली.

पण शुक्रवारी दामूभाऊंचा डावा पाय चादरीबाहेरच. शनिवारीही बाहेर. राउंडला डॉक्टरांनी विचारलं, “बरं आहे ना?” की “हां”. आणि रात्री झोप नाही, वारा घालणं चालूच. बुधवारी सरांचा फोन आला. मी खरं ते सांगितलं, की तोंडानं बरं म्हणतात, पण पाय तसाच जळतोय. सर म्हणाले, “मग फेल्युअर आहे. उद्या लीड काढू.”

मी ड्रेसिंग बदलायला गेले. मन खट्टू झालेलं. हाताला चाळा म्हणून आणि जिभेला सवय म्हणून मी एकटीच बोलत होते. चिखलोलीजवळ आमची बस बंद पडली, तिथून चालत यावं लागलं. “हां,” दामूभाऊ म्हणाले. इथे येऊन बघते तर स्पिरिटची बाटली रिकामी. “हां.” आता कुणाकुणाला ओरडायचं? “हां.”

माझा हात थांबला.  मी आवाज तसाच ठेवून म्हटलं, “आणि दामूभाऊ, आज सकाळी आपल्या हॉस्पिटलच्या गच्चीवर म्हैस चढली.”

“हां,” दामूभाऊ म्हणाले.

बारकूबाई पदराआड हसली. “बाय, तो हुंकार देतो. आमच्यात मोठा मानूस बोलत असला का हुंकार द्यायचा. गप बसला तर वाटंल, याचा ध्यान नाय.”

 लहानपणी आम्हीही हेच केलं होतं. कुणी वडीलधारं गोष्ट सांगायला लागलं, की ऐकणाऱ्यानं ‘हं’ करायचं. त्याचा अर्थ ‘हो’ नसतो, ‘ऐकतोय’ असतो. आणि पाड्यांची बोली येते म्हणून मिरवणारी मी, ती गोष्ट साफ विसरले होते.

“दामूभाऊ, खरं सांगा. मुंग्या कुठल्या पायात येतात?”

“उजव्या.”

“पहिल्यापासून?”

“पयल्यापासना.”

“अहो, मग मी टेबलावर विचारलं, डाव्या पायात येतात का, तेव्हा बोलला का नाहीत?”

दामूभाऊंना माझा प्रश्नच कळेना. “तुमी बोलल्या, मी आयकला. एवढा मोठा डाक्टर मुंबैवरना आला, त्याला मधीच नाय कसा म्हनू?”

चांगला पाय सहा दिवस उगाच मुंग्यांनी भरला होता, जळणारा तसाच जळत होता, आणि हा माणूस शिष्टाचार सांभाळून गप्प होता. मला त्याचा राग आला, मग त्याहून जास्त स्वतःचा. आणखी एक गोष्ट आठवली. त्याआधी दोन जणांच्या लीड ‘उपयोग नाही’ म्हणून आम्ही काढल्या होत्या. दोघंही वांगणीकडच्या पाड्यांवरची. त्यांच्या डोक्याशी मीच होते, आणि तीही ‘हां’ म्हणाली होती. ती पुन्हा आली नाहीत. त्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला आजही सुटत नाही.

मी सरांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, म्हशीसकट.

 मग सर म्हणाले, “तुम्ही ‘हो’ म्हणालात म्हणून मी टाका घातला.”

“हो सर. चूक माझी आहे. पण लीड काढू नका, हलवू या. पाय उजवा लागला, म्हणजे डावाही लागेल.”

“सहा दिवसांची वायर आहे. पुन्हा उघडायचं म्हणजे इन्फेक्शनची भीती. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे सर. पण काढायला उघडणारच आहोत ना?”

एवढं उलट मी त्यांना जन्मात बोलले नव्हते. मला वाटलं, आता फोन आपटतील. सर म्हणाले, “एकच प्रयत्न. जखम स्वच्छ असेल तरच. आणि यावेळी तो ‘हां’ म्हणाला, तर मी ऐकणार नाही.”

तोच तर प्रश्न होता. ज्या माणसाच्या तोंडातून मोठ्यांसमोर ‘हां’शिवाय काही निघत नाही, त्याला विचारायचं कसं? त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटताना तेच घोळवत होते आणि दोन पोळ्या करपल्यावर उत्तर सापडलं. आपण विचारायचंच नाही. बोलणारा तोच झाला पाहिजे, आणि हुंकार आपण द्यायचा.

गुरुवारी सकाळी थिएटरात जाण्याआधी मी दामूभाऊंना म्हटलं, “आज डॉक्टर काही विचारणार नाहीत. गोष्ट तुम्ही सांगायची. मुंग्या कुठनं निघाल्या, कुठे चालल्या, कुठे थांबल्या. आम्ही सगळे ऐकणार. मधे थांबायचं नाही.”

“डाक्टर आयकल?” त्यांचा विश्वास बसेना.

“ऐकतील. हुंकार देतील.”

हेच मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मास्क असूनही मला त्यांचं तोंड वाचता आलं.  मग त्यांनी जखम तपासली, ती स्वच्छ होती. टाके सोडवले, जुनी वायर काढली, संचातली राखीव घेतली, सुई पुन्हा घातली. दट्ट्या सैल पडला. लीड पडद्यावर वर चढू लागली, यावेळी मधल्या रेषेच्या डाव्या अंगानं. परसू दर थोड्या वेळानं मशीनचं बटण दाबून चित्र दाखवत होता. मॅडमचा हात दामूभाऊंच्या नाडीवर.

डबी जोडली. करंट चढू लागला. दामूभाऊ गप्पच. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “सुरू करा.”

“आता... कंबरंला हाय,” ते दबकत म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “हां.”

मुंबईहून आलेला तो रागीट माणूस हुंकार देतोय, हे ऐकून परसूनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पण दामूभाऊंचा आवाज मोकळा झाला. “कुल्ल्यात आला. डाव्या. मांडीच्या मागना उतरतंय.”

“हां.”

“गुडघ्याच्या मागं थांबला. जसा पानी बांधाला आडतो ना, तसा. खालच्या खाचरात जात नाय.”

सरांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. “पोटरीत पोहोचत नाहीये, सर,” मी म्हटलं. सरांनी लीड केसभर वर सरकवली.

“फुटला बांध,” दामूभाऊ म्हणाले. “पोटरीत आला. घोट्याला वळसा घातला.”

“हां.” आता सर, मी, मॅडम, सगळेच म्हणत होतो.

“टाचंत... तळव्यात...” आणि ते थांबले. त्यांची डाव्या पायाची बोटं, जी चादर लागली तरी आखडायची, ती सैल पडलेली मला दिसली.

सरांना वाटलं, आणखी थोडी सुधारणा होईल. ते म्हणाले, “गुड. जरा अजून वर घेऊन बघतो.”

“नाय,” दामूभाऊ म्हणाले.

थिएटरात आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. दामूभाऊंना स्वतःलाच धक्का बसला असावा, कारण ते श्वास रोखून पडले होते. मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, “नाय डाक्टर. आता हात लावू नका. हितंच ऱ्हाऊ द्या.”

सरांनी खरोखरच दोन्ही हात वर उचलले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “सिस्टर, टाका घालतो.” इतक्या वर्षांच्या नोकरीत मला बक्षिसं, शाली, नारळ पुष्कळ मिळाले. पण त्या ‘नाय’एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

पुढे चाचणी पार पडली, पोटात रिसीव्हर बसला, आणि कमरेला डबी लावून दामूभाऊ आपल्या बांधांवरून हिंडू लागले, हे सगळं केसपेपरवर आहे. केसपेपरवर नाही ते एवढंच, की सर लीड बांधत असताना त्यांनी विचारलं, “दामू, ठीक आहे ना?” आणि उत्तर आलं नाही. मी वाकून पाहिलं. मॅडमनी झटकन नाडी पुन्हा धरली. मग त्यांनीच बोट ओठांवर ठेवलं. उरलेले टाके सरांनी एक शब्द न बोलता घातले, आणि परसूनं मशीन इतकं हळू मागे ओढलं, की चाकंसुद्धा वाजली नाहीत.

मी बाहेर गेले. बारकूबाई दाराशी उभी होती. माझं तोंड बघूनच घाबरली. मी म्हटलं, “काही झालं नाही, बाय. झोपलेत.”

“भुलीचा औषध दिला?”

“नाही. आपोआप झोपलेत.”

 मग तिनं हळूच विचारलं, “घोरतंय?”

“घोरताहेत.”

दोन वर्षं तिला दम म्हणून नव्हता. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “दार जरा उघडा ठेव, बाय. मना आयकू दे.”